ओस्तीची कात्रणं

नेत्रावती नदीच्या अलीकडच्या चार-पाच चर्चमध्ये रविवारी वेदीवर फादर जी पांढरी, पातळ, गोल चकती दोन्ही हातांनी वर धरत, ती ओस्ती अपोलिन क्रास्तानं भाजलेली असे. सिस्टरांच्या मठामागे एक बुटकी खोली होती, तिथे. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, मीठसुद्धा नाही. लांब दांड्यांचा लोखंडी साचा करवंटीच्या निखाऱ्यावर तापवायचा, पळीभर पीठ ओतून दाबायचं आणि रंग चढायच्या आत उचलायचं. त्या पापडातून मग चकत्या पाडायच्या. चकत्या चर्चला जात आणि भोकाभोकांची उरलेली कात्रणं बिस्किटाच्या जुन्या डब्यातून अपोलिनच्या घरी येत.

ओस्तीवर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ते ठरलेले शब्द उच्चारले की ती भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. कात्रणांवर कुणी काही उच्चारत नाही. ती कुणीही खावीत, आणि वाडीतली पोरं खातही. पण डब्याचा खरा मालक एकच होता, अपोलिनचा बोनावेन्चर, म्हणजे बोना. तो जन्मला तोच निळसर ओठांनी. हृदयात दोष, डोक्यात उजेड कमी, आणि गिळण्याची पंचाईत. पेजेचं एक शीत वाकडं गेलं तरी डोळे पांढरे करायचा. कात्रण मात्र जिभेवर ठेवलं की आपोआप विरघळे. अपोलिननं एकदा ते बांगड्याच्या रशात बुडवून त्याला भरवलं आणि पोर हसलं. तेव्हापासून विशीला टेकेपर्यंत तो त्यावरच वाढला म्हणायला हरकत नाही. नवरा कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होता, तो छातीत धूर भरून लवकरच गेला. मागे उरली ही दोघं आणि तो डबा.

बोनाला पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती शब्द उच्चारलेली ओस्ती, कधी मिळालाच नव्हता. त्याच्या वयाची पोरं पांढरे सदरे घालून, मेणबत्त्या धरून वेदीशी गेली, त्या वर्षी म्हातारे फादर अपोलिनला म्हणाले होते की हा तर देवदूतच आहे, त्याला प्रसाद कशाला हवा. लोकांनाही ते पटलं. देवदूत म्हणण्याची सोय मोठी असते. एकदा तसं म्हटलं की पानात काही वाढावं लागत नाही.

मग म्हातारे फादर गेले, फादर लिगोरी आले, आणि त्याच सुमारास मंगळुरातल्या डॉक्टरांनी बोनाच्या छातीला नळी लावून अपोलिनला बाहेर बोलावलं. हे हृदय आता फार दिवस साथ देणार नाही, म्हणाले. त्या दिवसापासून अपोलिनच्या मनानं एकच घेतलं. पोर जाईल तेव्हा जाईल, पण उपाशी जाता कामा नये. गावातल्या दारुड्यांच्या, भावाची जमीन लाटणाऱ्यांच्या जिभेवर जो प्रसाद ठेवला जातो, तो तिच्या लेकाच्या जिभेवर एकदा तरी ठेवला गेला पाहिजे.

हे मन घट्ट झालं ते एका रविवारी. अपोलिन प्रसादाला पुढे गेली आणि तिनं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून डोळे मिटले, तर शेजारी बोना येऊन टेकला. त्यानं इतरांसारखं डोकं मागे टाकलं आणि तोंड उघडलं. फादर लिगोरी अपोलिनला प्रसाद देऊन त्याच्यापाशी थबकले, आणि त्याला ओलांडून पुढच्या माणसाकडे गेले. बोना तसाच राहिला. रांग संपली, गाणं संपलं, तरी कठड्याशी हा एकटा, तोंड उघडं, जीभ बाहेर. मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. अपोलिननं त्याला दंडाला धरून उठवलं. घरी पोचेपर्यंत त्यानं तोंड मिटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन फादरांच्या घरी गेली. फादर लिगोरी वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर तिला भांडता तरी आलं असतं. त्यांनी दोघांना बसवलं, बोनाला पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. प्रार्थना पाठ नसल्या तरी चालतील, दहा आज्ञा नको, काही नको.

"फक्त एवढं कळायला हवं, अपोलिनबाई," ते म्हणाले, "की हे रोजचं खाणं नाही. तेवढं कळलं तर मी उद्या देईन. पण तेही कळत नसेल तर मी त्याच्या तोंडात काय ठेवतोय, सांगा."

त्यांनी मेजावरच्या डब्यातून एक ओस्ती काढून बोनासमोर धरली आणि हे काय, असं विचारलं. बोनाचा चेहरा फुलून आला.

"मायचं," तो म्हणाला, आणि तोंड उघडलं.

फादरांनी ओस्ती परत डब्यात ठेवली. आता, त्या ओस्तीवर अजून कुणी कसलेच शब्द उच्चारलेले नव्हते. ते पीठ आणि पाणीच होतं आणि ते मायच्याच हातचं होतं. बोनाचं उत्तर नखभरही चुकलं नव्हतं. पण फादरांचं चित्त नियमावर होतं आणि अपोलिनचे कान शरमेनं तापले होते, त्यामुळे ही गोष्ट त्या खोलीत कुणाच्याच ध्यानात आली नाही. शिकवून आणते, म्हणून ती उठली.

ओस्त्यांच्या खोलीवर देखरेख सिस्टर एदविजची. जीभ कात्रीसारखी, पण मठातल्या म्हाताऱ्यांची दुखणी रात्रंदिवस काढणारी बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि साचा पुसता पुसता म्हणाली, "अगो, जन्मभर तूच त्याला देवाचं ताट चाटायची सवय लावलीस. आता तूच मोड. दुसरं कोण मोडणार?"

ती बोलून गेली आणि विसरली. अपोलिन विसरली नाही. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की रोजचं खाणं रोज मिळायचं थांबलं, तरच ते रोजचं राहणार नाही. त्या संध्याकाळी ती रिकाम्या हातानं घरी आली. बोनानं तिची पिशवी उलटी केली, पदर ओढून पाहिला, आणि मग दाराशी बसून तो असा रडला की शेजारची सेवरीनबाई भात चुलीवर तसाच टाकून धावत आल्या. सेवरीनबाई म्हणजे आमच्या वाडीच्या गुरकाराची, चर्चनं नेमलेल्या पुढाऱ्याची बायको. साऱ्या वाडीच्या मयताला आणि बारशाला हजर. त्यांनी विचारलं, पोराला झालंय काय. अपोलिन म्हणाली, शिकतोय.

ती त्याला मऊ भात घोटून भरवू लागली. अर्धा तो थुंकायचा, अर्धा घशात अडकायचा. हाडं वर आली. अपोलिनला ते दिसत नव्हतं असं नाही. रात्री तो झोपला की त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून ती रडे आणि सकाळी पुन्हा कंबर कसे. थोडेच दिवस, मग देवच भरवील, असं स्वतःला सांगे.

नुसतं उपाशी ठेवून भागणार नव्हतं. तिनं एक कात्रण आणून घरच्या वेदीच्या फळीवर, येशूच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि बोनाला समोर गुडघ्यावर बसवलं. त्याचा हात पुढे गेला की ती त्याच्या ओठांवर चापट मारी. "हे देवाचं. खायचं नाही." पुन्हा हात, पुन्हा चापट. मग त्याचे दोन्ही हात धरून जोडायची. हळूहळू हात पुढे जाईनासा झाला. तरी खात्री कशी पटावी? म्हणून ती कात्रण बोटांत घेऊन त्याच्या तोंडाजवळ नेई आणि अगदी लाडात विचारी, "खातोस, राजा?" सुरुवातीला तो भाबडा तोंड उघडायचा, आणि चापट बसायची. एकदा ओठ फुटून रक्त आलं. त्या दिवशी तिला स्वतःच्या हाताची किळस आली. पण त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही. तसं पांढरं, पातळ काही दिसलं, की बोना गुडघ्यावर येई, हात घट्ट जोडी आणि ओठ आत ओढून घेई.

अपोलिन धावत फादरांकडे गेली. आता त्याला कळतं, म्हणाली, हात लावत नाही, हात जोडतो. फादर लिगोरींना मनापासून आनंद झाला. कठड्याशी उघडं राहिलेलं ते तोंड त्यांच्याही डोळ्यांपुढून हललं नसावं. येत्या फेस्ताला, चर्चच्या वार्षिक सणाला, सगळ्या गावासमोर देऊ, म्हणाले. अपोलिननं सदऱ्याला कापड घेतलं. खायचं नाही, हे तिनं लेकाला पक्कं शिकवलं होतं. खायचं केव्हा, हे शिकवायचं राहून गेलंय, हे तिच्या मनातही आलं नाही. फादर म्हणतील खा, मी म्हणेन खा, आणि तो खाईल, एवढं सोपं तिनं धरलं होतं.

फेस्त आलंच नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात, दुपारी अंगणात बसल्या बसल्या बोना कलंडला. ओठ जांभळे, नखं जांभळी, श्वास वर वर. सेवरीनबाईंनी फादरांकडे गडी पिटाळला. फादर लिगोरी भर उन्हात बांधावरून चालत आले. पुढे चर्चचा सेवक घंटा वाजवत, आणि फादरांच्या छातीशी चांदीची छोटी डबी, आत ओस्ती. वाटेतली माणसं घंटा ऐकून जागच्या जागी गुडघ्यावर बसली. अपोलिनला घंटा ऐकू आली आणि एवढ्या दुःखातही तिच्या मनाला थंडावा मिळाला. घरी येतोय, तिच्या लेकासाठी देव पायी घरी येतोय.

चटईशेजारी मेणबत्ती लावली. बोना शुद्धीवर होता, भिंतीला टेकवून बसवला होता. फादर गुडघ्यावर बसले, डबी उघडली आणि ओस्ती त्याच्यासमोर धरली. हिच्यावर सगळे शब्द उच्चारले गेले होते.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

बोनानं ओस्तीकडे पाहिलं. कुठून बळ आणलं कोण जाणे, त्यानं दोन्ही हात उचलून जोडले आणि ओठ आत ओढून घेतले.

दारातल्या बायकांच्या तोंडून हुंदका निघाला. फादरांचे डोळे भरले. "ओळखतो," ते पुटपुटले, "तो ओळखतो, अपोलिनबाई." मग त्यांनी ओस्ती आणखी जवळ नेली. ओठ हलले नाहीत.

"खा, बोना," अपोलिन म्हणाली. "आता खायचं. हे खायचंय, राजा."

तिच्या आवाजातला तो लाड ऐकला आणि बोना भिंतीला आणखी चिकटला. त्याची नजर ओस्तीवर नव्हतीच, मायच्या उजव्या हातावर होती. अपोलिनला तेव्हा कळलं. तिनं तो हात पाठीमागे लपवला, दोन्ही लपवले, रडली, विनवलं, शपथा घातल्या. तिनं फादरांना सांगितलं की मला द्या, मी खाऊन दाखवते. फादरांनी ओस्तीचे दोन तुकडे केले आणि एक तिच्या जिभेवर ठेवला. "बघ," ती म्हणाली, "माय खातेय." बोनानं पाहिलं. मायनं देवाचं खाल्लं, आणि आता तिलाही कुणीतरी मारील, अशा भयानं त्याची छाती लटलट उडू लागली.

मग ती भान विसरली. त्याच्या जबड्यात बोटं घालून दात उघडू लागली. फादरांनी तिचं मनगट धरलं.

"नको, बाई. जबरदस्तीनं नाही देता येत हे."

उरलेला तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला. मग मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी काढून बोनाच्या कपाळाला आणि हातांना तेल लावलं. हात सुटत नव्हते म्हणून ते पालथ्या बाजूंनाच लावलं. प्रार्थना संपायच्या आत बोनाचा श्वास थांबला.

संध्याकाळपर्यंत सारी वाडी जमली. मेलेल्या माणसाचे हात जोडून त्यात जपमाळ गुंडाळावी लागते, कधी फडक्यानं बांधावे लागतात. बोनाचे बांधावे लागले नाहीत. बायका एकमेकींना आत आणून दाखवत होत्या. फादर लिगोरी अंगणात पुरुषांना सांगत होते की आपण उठतो, रांगेत उभे राहतो आणि प्रसाद घेतो, पण त्या पोरानं आपण लायक नाही म्हणून तोंड मिटून घेतलं, एवढा आदर मी कुणात पाहिला नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दिसलं ते तेच.

सेवरीनबाई अपोलिनला कुशीत घेऊन म्हणाल्या, "अगो, संत होता तुझा लेक. बघ कसे हात जोडून गेला."

"भिऊन जोडलेत ते," अपोलिन म्हणाली. "मला भिऊन."

"असं बोलू नये."

"मी मारायची त्याला, सेवरीनबाई. तोंडावर मारायची. खाऊ नये म्हणून." तिनं हे फादरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. फादरांनी आत पाहिलं, आणि ते काही बोलणार तोच कुणीतरी म्हणालं, दुःखानं बाईचं डोकं फिरलंय, पाणी द्या तिला. सेवरीनबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जपमाळ सुरू केली. साऱ्या बायकांनी सूर धरला. पाच-सहा ओळी गेल्यावर अपोलिनचे ओठही सवयीनं हलायला लागले.