तंबोरा आणि पंखा

मी कानामागून बोलतोय. दिसायला शेंगदाण्याएवढा, रंग कातडीचा, म्हणजे कुणाला दिसू नये असा. लोक मला श्रवणयंत्र म्हणतात. या घरात नुसतं 'मशीन'. शिवणयंत्रालाही इथे मशीनच म्हणतात. त्यामुळे मालकीणबाई "अहो, मशीनला तेल घातलंत का?" म्हणाल्या की सुरुवातीला मी दचकायचो.

माझा जन्म एका थंड, स्वच्छ खोलीत झाला. तिथे मला एकच धडा घोटून घोटून दिला. माणसाचं बोलणं उचलायचं, बाकीचं दाबायचं. एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंखा; तो दाबायचा. एकच लांब सूर आला तर ती आपलाच आवाज आपल्यात परत शिरून वाजणारी शिट्टी, ती तोडायची. धडा मी चोख पाठ केला.

माझे मालक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या लेकीने मला आणलं, त्यांच्या कानामागे बसवलं आणि विचारलं, "बाबा, येतंय ऐकू?"

मास्तर हसले. कोपऱ्यातून मालकीणबाई म्हणाल्या, "आता जपून बोलायला हवं. इतके दिवस तोंडाला येईल ते बोलून घेतलं."

"ते सगळं ऐकलंय मी," मास्तर म्हणाले. "उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून बहिरा झालो."

मला वाटलं, माझं काम फत्ते झालं.

पण या दुकानाची एक रीत होती. सकाळी कापड बेतायचं, तेव्हा विलंबित ख्याल. दुपारी शिवण, तेव्हा सिनेमाची गाणी. गायिकेने सूर लावला की मास्तर कात्री लावायचे, आणि सूर टिकेल तोवर हात न उचलता पुढे न्यायचे. दुपारच्या ठेक्यावर मालकीणबाईंचे पाय शिवणयंत्रावर चालायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, तुमच्याकडे सकाळी आलं की डुलकी लागते आणि दुपारी आलं की नाचावंसं वाटतं. नक्की यावं कधी?" कान गेले आणि दोन्ही गेलं. मास्तरांना मी हवा होतो तो त्यासाठी. बोलण्याचं त्यांचं काही अडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुनी कॅसेट लावली. कापड पसरलं, कात्री उचलली. तंबोरा सुरू झाला; एकसारखा, न थांबणारा. मी दाबला. गायिकेने षड्ज लावला, लांब, स्थिर. मी तोडला. पुन्हा आला, पुन्हा तोडला.

मास्तर थबकले. "हिचा आवाज थरथरतोय का गं?"

"छे. छान गातेय की."

"आणि तंबोरा?"

"आहे ना."

"मला नाही येत," मास्तर म्हणाले, आणि टेप पुसायला फडकं शोधू लागले.

टेप पुसून झाला, कॅसेट बदलून झाली. सिनेमाची गाणी मात्र मी शब्द न् शब्द पोचवत होतो. शब्द मला ओळखता येतात. मास्तर मान डोलवायचे, पण दुसऱ्या कडव्याला उठायचे. "सकाळचं पोटात गेल्याशिवाय हे गोड लागत नाही," म्हणायचे.

शेवटी ते मला कान तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन गेले. "तंबोरा म्हणजे ती मागची गुणगुण?" बाई म्हणाल्या. "ती घालवण्यासाठीच तर हे यंत्र आहे, काका." तरी त्यांनी माझा धडा सैल केला. पुढच्या सकाळी मी काहीच दाबलं नाही. तंबोरा आला, पंखा आला, रस्ताही आला. आणि सूर आला तो चिरलेल्या भांड्यासारखा. यात माझा हात नव्हता. कानाच्या आतलंच झिजलं होतं, आणि ते परत येणार नव्हतं. बाईंनी तसं सांगितलं, आणि निदान बोलणं तरी नीट कळावं म्हणून मला माझा धडा परत दिला.

कापड आता बाहेरून कापून येतं. सकाळी मास्तर मला काढून बेतायच्या टेबलावर ठेवतात, कॅसेट लावतात आणि स्पीकरवर तळवा टेकून बसतात.

"मशीन काढून काय ऐकता हो?" मालकीणबाईंनी एकदा त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"आठवतंय तेवढं," मास्तर म्हणाले. "रोज थोडं कमी आठवतं."

मला बंद करायचं ते विसरतात. गायिका सूर लावते. माझ्यामागे कुणाचाच कान नसतो, तरी मी तो तोडतो. मला दुसरं काही येत नाही.

तुमचे कान शाबूत असतील, तर आज एखादा लांब सूर संपेपर्यंत ऐका. तो कसा संपतो, ते मला माहीत नाही.