रिकामी गाडी

"फारूकभाऊ, गाडी थांबवा जरा. या पुलियाचा फोटो घेतो," असं म्हणत लोकेश उतरलाही. "तुमी पलीकडं जाऊन थांबा. मी येतो पायी."

फारूकने जीप पुलावरून पलीकडे नेली. अहेरीच्या पुढे जंगलातल्या या रस्त्यावर पुलांखाली नक्षलवाद्यांनी सुरुंग पेरलेले असत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फारूकला भीती वाटत नसे असं नाही. पण नागपूरच्या पेपरचा हा बातमीदार शेजारी बसलेला असला, की ती अर्धी व्हायची. मरायचं तर दोघं मरू, एवढा साधा विचार. लोकेश कित्येक वर्षं त्याच्याच जीपमधून फिरायचा, तोही पुढच्या सीटवर. ईदला घरी येऊन शिरखुर्मा हक्काने दुसऱ्यांदा मागून घ्यायचा, फारूकच्या बायकोला, कमरजहाँला, भाभी म्हणायचा. आजही तिने एकाच डब्यात दोघांचं जेवण भरलं होतं.

गेल्या आठवड्यात चंद्रपूरला बातमीदारांचं प्रशिक्षण झालं. धोक्याच्या भागात जीव कसा सांभाळायचा, याचं. फारूकनेच नेलं होतं लोकेशला. ड्रायव्हर लोकांनी बाहेर थांबावं, असं दारावरच्या माणसाने सांगितलं, आणि तो थांबलाही. परतताना त्याने हौसेने विचारलं, "काय शिकवलं जी, लोकेशभाऊ?"

लोकेशने जांभई दिली. "काई नाई. नुसती बडबड."

पुढच्या पुलावरही लोकेशला फोटोची हुक्की आली. या पुलांत त्याला काय एवढं दिसतंय, म्हणून फारूक मनातल्या मनात हसला. गाडी पुलावर घालताना त्याने आरशात पाहिलं. लोकेश मागे सागाच्या खोडाआड उकिडवा बसला होता, दोन्ही कानांवर हात ठेवून. कॅमेरा सीटवरच पडलेला.

पलीकडे पोचून फारूकने गाडी बंद केली. सुरुंगापेक्षा त्या कानांवरच्या हातांनी त्याला जास्त लागलं होतं. लोकेश चालत आला, तेव्हा त्याने कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

"हेच शिकवलं का चंद्रपूरले?"

लोकेश मान खाली घालून उभा राहिला. "तसंच सांगतेत, भाऊ. पूल आला का उतरून जायचं. रिकामी गाडी पुढं जाऊ द्यायची."

"रिकामी," फारूक म्हणाला. "अन् मी कुठी होतो?"

लोकेशने कॅमेरा घेऊन गळ्यात अडकवला.

"मले सांगतलं असतं त मीच म्हणलो असतो, उतरा. तुमच्या घरी लहान पोरगी आहे. फोटोचं काऊन सांगतलं?"

गाडी निघाली. तिसरा पूल आला तेव्हा लोकेश जागचा हलला नाही. फारूकनेच ब्रेक दाबला.

"उतरा, साहेब. पूल आला."

इतक्या वर्षांत 'साहेब' तो पहिल्यांदाच म्हणाला. लोकेश उतरला. फारूकने आरशात न बघता गाडी पलीकडे नेली आणि वाट पाहत थांबला.

लोकेश चालत आला, तेव्हा पुढच्या सीटवर डबा ठेवलेला होता. फारूकने त्याच्यासाठी मागचं दार उघडून धरलं.