तिघांतली शेवटची जागा

यानेकेने बाण सोडला, धनुष्य खाली घेतलं आणि पाठीमागे कान दिला. पुढच्याची दोरी वाजली की मागच्याने धनुष्य उचलायचं, असा नियम. तिच्या मागे कुसाकाबे आजोबा. एक श्वास गेला, दोन गेले, तेव्हा कुठे त्यांच्या बाहीची सळसळ झाली. त्यांचा बाण सुटला तो वेळ संपल्याची घंटा झाल्यावर. लागला अगदी मधोमध, पण धरला गेला नाही.

"झालं! पुन्हा तेच," शिओमीबाई पुटपुटल्या. धनुर्विद्येची ती शाळा त्याच चालवत. "यानेके, दुपारच्या सामन्यात असं झालं तर त्यांना संघातून काढावं लागेल. आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाला हे सांगायचं कुणी? मीच!"

तिघांतली शेवटची जागा मानाची, आणि ती तीस वर्षं आजोबांची होती. हॉलंड सोडून यानेके या मासेमारीच्या गावात राहायला आली त्याला सहा वर्षं झाली. आजोबांना बाण सोडताना पाहूनच तिने धनुष्य हातात धरलं होतं. काय तो माणूस! चालताना कमरेत वाकलेला, आणि धनुष्य ताणलं की असा सरळ, की बघणाऱ्यानेही पाठ ताठ करावी. गेल्या महिन्यात तिला त्यांच्या पुढची, मधली जागा मिळाली आणि तेव्हापासूनच हा उशीर सुरू झाला होता.

जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिच्या हातातला भाताचा गोळा तसाच होता.

"आजोबा, हवा बरी आहे ना आज?"

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. विचार काय ते."

"तुम्हाला माझी दोरी ऐकू येत नाही ना?" ती मोठ्याने म्हणाली.

"ओरडतेस कशाला? ओठ वाचतो मी. चार वर्षं झाली, मला कुणाचीच दोरी ऐकू येत नाही."

"अहो, मग बाकीच्यांच्या मागे कसा उशीर होत नाही?"

"पायाखालची फळी सांगते." त्यांनी तळहात लाकडी जमिनीवर टेकवला. "नीट उभ्या माणसाचा बाण सुटला की भार पायांतून फळीत उतरतो. माझ्या तळपायाला तो कळतो. तुझा सगळा जोर खांद्यांत. तुझी फळी मुकी."

यानेकेचं तोंड एवढंसं झालं. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"पाय आपटत बसली असतीस म्हणून. आत्ताही आपटलास तर बघ!"

दुपारी पहिल्या तीन बाणांना आजोबा मागेच पडले. चौथ्या, शेवटच्या बाणाला घड्याळात थोडेच क्षण उरले होते. यानेकेने धनुष्य ताणलं. टाच हळूच आपटावी, कुणाला कळतंय, असं मनात येऊन गेलं. तिने ते केलं नाही. खांदे सैल सोडले, लक्ष्याचा विचारही सोडला आणि नुसती उभी राहिली. बाण कधी सुटला ते तिचं तिलाच कळलं नाही. तो लक्ष्याच्या वीतभर खाली वाळूत गेला.

तिचं धनुष्य खाली यायच्या आत मागे बाही सळसळली.

आजोबांचा बाण लक्ष्यावर थडकला. मग घंटा झाली.

बाहेर आल्यावर शिओमीबाईंनी तिला गाठलंच. "अगं, चुकलीस आणि वर हसतेस काय?"

"तिला बोलू नका," आजोबा हातमोज्याची गाठ सोडत म्हणाले. "सहा वर्षांत आज पहिल्यांदा बाण सोडलाय तिने."