डाव्या हाताची घाई

हे झालं १९७५ साली. दुष्काळातली खडी फोडून दोन वर्षं झाली होती. माण तालुक्यात मेंढरं पुन्हा दिसायला लागली होती, पण मुंबईला गेलेले पुरुष परतले नव्हते. त्यामुळे आमच्या वाडीची गजी मोडायला आली होती. गजी म्हणजे बिरोबापुढे रिंगण धरून ढोल आणि कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा, वाजवणारी, नाचणारी माणसं. ढोल खुंटीला होते, गळ्यात अडकवायला माणूस नव्हता. जत्रेत पहिला ढोल वाजवायचा मान आमचा. रिंगण भरलं नाही तर तो वरच्या वाडीला जाईल, असं पंचांनी बजावलं होतं. आदल्या जत्रेत याच मानावरून काठ्या चालल्या होत्या आणि माझ्या चुलत्याचा डोळा गेला होता.

गजीचे म्होरके माझे वडील, बिराप्पा. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. माझे मालक अर्जुना हे आबांचेच शिष्य. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, पण सगळीकडे 'हे' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही, म्हणून घेते. अर्जुना डावखुरे. ढोलाला उजव्या हाताने टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, आणि डाव्या हाताने थाप. सगळ्यांचं टिपरू आधी पडायचं, मग थाप. यांची थाप केसभर आधी यायची. आबांनी त्या हातावर टिपरू मारून मारून गाठी आणल्या, तरी घाई गेली नाही. "ह्यो हात कुणाचंच ऐकत न्हाई," आबा म्हणायचे, आणि म्हणताना कधी कधी हसायचेसुद्धा.

पुढे अर्जुना पलटणीत गेले, बँडमध्ये लागले. हाताला येईल ते वाजवायला शिकले. पलटणीतून सुटून आले तेव्हा बरोबर मोठ्या चकत्यांचे दोन टेप-रेकॉर्डर होते.

जत्रेआधी त्यांनी मेंढरांचा वाडा झाडून घेतला. आम्ही दोघांनी चारी भिंतींना घोंगडी लावली, म्हणजे आवाज घुमणार नाही. गिरणीतून वायर ओढली. एका टेपवर त्यांनी ढोल भरला. मग तो चालू करून शेजारी बसून दुसरा ढोल वाजवला. दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर उतरले. मग तिसरा. मग कैताळ, पावा, सनई, पायात घुंगरू बांधून नाचणाऱ्यांचे पाय. चुकलं की परत पहिल्यापासून. गिरणी सुरू झाली की वीज मंदावायची आणि सगळे ढोल म्हातारे व्हायचे; मग आम्ही हसत बसायचो. शेवटी मी डोळे मिटून ऐकलं तर रिंगणभर माणसं वाजवत होती.

आपली उरलेली चार-पाच माणसं या आवाजात मिसळतील, रिंगण भरेल, आबांचा मान राहील, एवढंच त्यांच्या मनात होतं. आबांना मात्र आधी सांगितलं नाही. जत्रेत चकित करायचं होतं.

जत्रेच्या दिवशी भर दुपारी कर्णेवाल्या नाथाजीने टेप लावला. देवळापुढची माणसं जागच्या जागी थांबली. पहिल्यांदा माझा भाऊ धुळा ओरडला, "ही वरच्या वाडीची गजी हाय. एवढं ढोल वाजवणारं आपल्यात हाइत कुठं?"

अर्जुनांनी हात जोडून सांगितलं, सगळं मी एकट्याने वाजवलंय. लोक हसले. मग कुणीतरी त्यांच्या गळ्यात ढोल अडकवला, हातात कैताळ कोंबले, तोंडाला पावा लावला.

"एकट्यानं वाजीवलंस न्हवं? वाजीव की मग सगळं एकदम," धुळा म्हणाला.

ते समजावत राहिले, आधी एक, मग त्यावर दुसरं. कुणाला ऐकायचं नव्हतं. चुलत्याचा डोळा ज्यांनी फोडला त्यांचे ढोल आमच्या देवाला ऐकवले, हाच सगळ्यांचा समज. धुळाची काठी त्यांच्या कानावर बसली. रक्त भंडाऱ्यात सांडलं आणि पिवळ्या मातीचा चिखल झाला. नाथाजीने मशीनला मिठी मारली. त्याला लाथांनी बाजूला केलं, दोन्ही टेप दगडावर आपटले. आतली तपकिरी फीत ओढून कुणी अर्जुनांच्या गळ्याला आवळली. मी मधे पडले तर माझ्या पाठीत काठी बसली. सनई वाजवणारं तोंड त्यांनी चपलेने ठेचलं. दात पडलेले मला दिसत होते.

तेवढ्यात आबा आले. गर्दी फाकली. मला वाटलं, सुटलो.

आबांनी अर्जुनांना दंडाला धरून उठवलं, नारळ फोडायच्या दगडाजवळ नेलं. त्यांचा डावा हात दगडावर ठेवला, मनगटावर गुडघा दिला आणि दुसरा दगड उचलला. पहिल्या घावाला अर्जुना ओरडले. दुसऱ्याला नाही. गर्दी मागे सरली. धुळाच्या हातची काठीसुद्धा खाली आली.

साताऱ्याच्या दवाखान्यात तीन बोटं काढली. उरलेली दोन वाकडी राहिली. तिथून परत आल्यावर मी आबांकडे गेले. ते उंबऱ्यात बसले होते. दुसऱ्या कुणी डावा-उजवा बघितला नसता, हे तोवर माझ्या ध्यानात आलं होतं.

"आबा, डावाच हात का?"

ते उंबऱ्यावरची माती बोटाने खरवडत राहिले.

"पैल्या फेऱ्यालाच वळाकलं मी," ते म्हणाले. "समद्या ढोलांत एकच घाई."

"मग वरच्या वाडीचं न्हाई, ह्ये ठावं हुतं तुमाला."

"ठावं हुतं. वरच्या वाडीचं असतं तर काठीवर भागलं असतं." त्यांनी वर बघितलं. "ज्याला वाजवाया माणसं लागत न्हाईत, त्यो समद्यांचं हात तोडतोय, तानू. मी एकच तोडला."

"तुमचा मान ऱ्हावा म्हणून केलं हुतं त्यांनी."

ते उठून आत गेले. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

त्या वर्षी पहिला ढोल वरच्या वाडीने वाजवला. भांडायला कुणी पुढे झालं नाही. धुळा मुंबईला गोदीत हमालीला गेला आणि तिकडेच दारूने मेला. आबांनी परत ढोलाला हात लावला नाही. ते १९८१ ला गेले. अर्जुनांनी उजव्या खांद्यावर तिरडी धरली. मी नको म्हटलं होतं.

नाथाजीची एक बरगडी कायमची दुखत राहिली. पण जत्रेआधी त्याने आपल्यापुरती एक नक्कल उतरवून ठेवली होती. पुढे कॅसेटी आल्यावर त्याने ती विकायला काढली. दहिवडी, आटपाडी, औंध, कुठल्याही जत्रेत तीच वाजायची. वर नाव काय घालू, असं त्याने विचारलं, तेव्हा अर्जुना म्हणाले, "बिराप्पा आणि त्यांची गजी." मी रागावले, दोन दिवस जेवण वाढून बाजूला बसत होते. ते बदलले नाहीत.

ते मेंढरं राखत राहिले, उजव्या हाताने पावा धरून एकट्यानेच काही सूर काढायचे. दात नसल्याने वारा निसटायचा. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

मी अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झाले. नातवाच्या मोबाईलवर अजून कुणीतरी ती गजी पाठवतं, खाली लिहिलेलं असतं, अशी जुनी माणसं आता राहिली नाहीत. मी ऐकते. प्रत्येक ढोलाची थाप टिपरूच्या केसभर आधी येते.