काळुरामचं पान

हमरापूरच्या काळुरामनं मूर्तीचे डोळे आखले की गणपती बघणाऱ्याकडे बघायचा. पण ही गोष्ट त्याची बोटं शाबूत होती तेव्हाची. मूळ रोह्याचे भूगर्भशास्त्रज्ञ दिनानाथ साहेब त्याला साचे काढायला म्हणून अंटार्क्टिकाला घेऊन गेले. तिथं बर्फातून वर आलेला एक डोंगर होता. थरावर थर बसलेला गाळाचा दगड, आणि थराथरात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलाची पानं उमटलेली. मोठे ठसे हलवता येत नसत, त्यांच्यावर काळुराम प्लास्टर ओतायचा.

त्यातलं सगळ्यात देखणं पान त्यालाच दिसलं, तळहाताएवढ्या दगडात, शिरान् शीर शाबूत. ते सोडवायला त्यानं हातमोजा काढला आणि उजव्या हाताची दोन बोटं गारठून कायमची गेली. साहेबांनी मात्र पुस्तकात लिहिलं, की हे पान मला सापडलं. काळुरामचं नाव आभारातसुद्धा नाही. गावात खरं सांगायला गेला तर लोक थापाड्या म्हणून हसले. आखणीचा ब्रश सुटला तो सुटलाच. अकरा वर्षं तो दुसऱ्यांसाठी रंग कालवत आतल्या आत जळत होता. आणि का जळू नये?

यंदा रोह्यात साहेबांचा सत्कार ठरला. शाळेला भेट द्यायला नक्कल हवी म्हणून त्यांनी तोच दगड काळुरामकडे पाठवला. काय म्हणावं या माणसाला! काळुरामनं एक सोडून दोन नकला केल्या. एक प्लास्टरची. दुसरी कच्च्या शाडूची, वजन जुळावं म्हणून पोटात लोखंड घातलेली, वर नुसता पाण्याचा रंग. त्याची बायको मैनासुद्धा फसली. अस्सल म्हणून साहेबांकडे परत गेली ती हीच.

साहेबांची सवय त्याला पाठ होती. ओल्या दगडावर शिरा उठून दिसतात, म्हणून चारचौघांत दाखवताना ते दगड पाण्यात बुडवायचे.

सत्काराला काळुराम पहिल्या रांगेत बसला. साहेबांनी पाण्यानं भरलेल्या परातीत दगड सोडला आणि माईकवर आपल्या शोधाची कथा रंगवू लागले. कथा लांबत गेली. शेवटी परातीत हात घातला, तर हाताला चिखल लागला आणि लोखंडाचा तुकडा. विसर्जन झालं, असं कुणीतरी मागून म्हणालं आणि अख्खं सभागृह हसलं. त्या हसण्यानं काळुरामच्या काळजाला गारवा मिळाला.

साहेब पांढऱ्याफटक चेहऱ्यानं खाली आले. खरा दगड कुठे आहे, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

काळुराम उठला. त्यानं तीन बोटांचा हात दुसऱ्या हाताला जोडून नमस्कार केला.

"तुमालाच सापडला व्हता ना, साहेब? मंग आता परत शोधा."