डाव्या खांद्यावरून

"आभारी आहे," हार्टविग झायलर म्हणाला आणि विंगेतल्या सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

नाटकात त्याच्या मुलीचं काम करणाऱ्या गुड्रुनने नुकतंच त्याच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं होतं. पहिल्या प्रयोगाआधी नटाला अशीच शुभेच्छा देतात, आणि त्या शुभेच्छेबद्दल आभार मानायचे नसतात. मानले की ती उलटते. हे नवख्यालाही ठाऊक असतं. हार्टविग तर चौथ्या पिढीचा नट. तो आणि त्याची बहीण ओटिली वडिलांच्या फिरत्या नाटकमंडळीत पोशाखांच्या पेटाऱ्यात झोपून वाढले होते.

"घाबरवतायत मला," गुड्रुन हसत म्हणाली. "म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही."

"कशाला घाबरवू?" हार्टविगने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

ते ओटिलीच्या लक्षात आलं. वर्षभर तो किल्ल्या विसरत होता, शेजाऱ्यांची नावं विसरत होता. रंगभूमीवरचं काही विसरत नव्हता. त्याच भरवशावर, तो अडणार नाही असा शब्द तिने व्यवस्थापक नीथामरना दिला होता. नाटक हार्टविगनेच लिहिलेलं, नावाड्याची मुख्य भूमिकाही त्याचीच. पण आज अडला तर उद्यापासून दुसरा नट, असं नीथामरनी बजावलं होतं.

"बदलीच्या माणसाला कपडे घालायला सांगू?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याला ते घट्ट होतील," असं म्हणून ओटिली रंगमंचाच्या कडेच्या खोक्यात उतरली. नटांना विसरलेली वाक्यं पुरवणं हे तिचं काम होतं.

दोन अंक नीट झाले. तिसऱ्यात नावाडी मुलीला निरोप देतो. तिथे हार्टविग थांबला. ओटिलीने पहिला शब्द दिला, मग अख्खं वाक्य. अनोळखी बाईने वाट सांगावी तसं त्याने ते सौजन्याने ऐकलं. मुलगी झालेल्या गुड्रुनने हातातला कंदील खाली ठेवून खोक्याकडे पाहिलं.

मग तो बोलू लागला, स्पष्ट, खणखणीत. पण वाक्यं त्याच्या नाटकातली नव्हती. वडील हयात असताना जत्रांमधून करत त्या जुन्या खेळातला गिरणीवाला लेकीला सासरी धाडत होता. त्यातली लेक लहानपणी ओटिली व्हायची. तिने समोरची संहिता मिटली. लेकीची उत्तरं ती कुजबुजत गेली आणि गुड्रुन ती उच्चारत गेली, पडदा पडेपर्यंत.

टाळ्या थांबेनात. नीथामर विंगेत आले. "शेवट बदललात तर सांगायचं तरी. आधीच्यापेक्षा बरा झालाय."

ओटिली गुडघे झाडत वर आली. "उद्यापासून त्या दुसऱ्याला घ्या," ती म्हणाली. "मी कपडे उसवून देईन."

पडदा पुन्हा वर जाणार होता. हार्टविगने तिची बाही धरली.

"बाबा कुठे उभेत?"

"डावीकडे."

पडदा वर गेला. प्रेक्षकांकडे पाठ करून हार्टविग डाव्या विंगेकडे वळला आणि कमरेतून वाकला. तिथे पडद्याची दोरी धरून एक कामगार उभा होता. त्याने मोकळ्या हाताने डोक्यावरची टोपी काढली.