दस्तीखालचा सौदा

"दाण्याचं बोलायचं का पोत्याचं?" रत्नम्मानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नवऱ्याच्या खांद्यावरची दस्ती ओढून दोघांच्या हातांवर टाकली.

समोर खुर्चीत तिचा धाकटा भाऊ सिद्धलिंग बसला होता. चाकूरहून पोराच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता बिचारा. आता आपल्या डोळ्यांदेखत आपल्या आहेराचा भाव निघणार, हे ओळखून त्यानं शहाण्यासारखी नजर पंख्याकडे लावली.

"पोत्याचंच बोल," गुंडप्पा म्हणाला. "भाच्याचं लगीन दाण्यात भागतंय व्हय?"

दाणा म्हणजे शंभर, पोतं म्हणजे हजार. दस्तीखाली जितकी बोटं दाबली तितके. गुंडप्पानं उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सारी हयात अशीच दलाली केली होती.

दस्ती हलली. गुंडप्पानं डोळे मिटले, कपाळाला आठी घातली, मान डावीकडे कलती केली आणि म्हणाला, "मंजूर."

रत्नम्माच्या हातून दस्ती गळाली. तिनं पाची बोटं धरली होती खरी, पण पाच हजार द्यायचे कुणाला होते? तिनं पाचानं सुरुवात करायची, त्यानं एकावर ओढायचं, मग दोघांनी रुसायचं, चहा गार होऊ द्यायचा आणि दोनावर उतरायचं, ही घरची रीत होती. लग्न झाल्यापासून पहिल्या बोलीला हा माणूस कधी मंजूर म्हणाला नव्हता. अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा म्हणे तो बारा वेळा विचार करून उभा होता.

"मंजूर?"

"मंजूर म्हणलं न्हवं!"

"दाजी, तब्येत बरी हाय ना?" सिद्धलिंगनं पंख्यालाच विचारलं.

ही दस्ती घरात आली ती सासूमुळे. लक्ष्मम्माचे कान असे, की डब्यातल्या साखरेवरून मुंगी चालली तर म्हातारी पडल्यापडल्या ओरडायची, "पाय पुसून जा गं!" पैशाचं एक अक्षर उच्चारायची सोय नव्हती. नव्या नवरीला बांगड्या भराव्याशा वाटल्या, तर नवऱ्यानं तिला दस्तीखाली घेतलं. म्हातारी समोर बसून दोघांकडे बघायची, कान टवकारायची आणि चरफडायची. ती गेली, पण दस्ती राहिली. घराचं छप्पर, लेक शिवकन्येचं लग्न, म्हातारीचं दिवसकार्यसुद्धा त्याच कापडाखाली ठरलं.

आणि गुंडप्पाची बोटं म्हणजे साधी बोटं नव्हती. पोत्याला हात लावून तूर कुठल्या शिवारातली ते तो सांगायचा. एकदा एका शेटचं बोट धरताच म्हणाला, "भाव राहू द्या शेट, तुमाला ताप हाय, घरी जावा." शेट घरी गेला आणि संध्याकाळपर्यंत अंगभर गोवर. खोटं वाटत असेल तर मोंढ्यात विचारा. तिथं तर देवी उठल्या म्हणून सांगतात.

असा माणूस पाच पोती मंजूर म्हणाला. बरं, हे एकदाच घडलं असतं तर गोष्ट वेगळी. दिवाळीपासून त्याचा सौदाच बिघडला होता. गॅसच्या टाकीला नाही म्हणाला आणि पिठाच्या गिरणीला हो म्हणाला. घरात नवी कोरी गिरणी घरघरू लागली आणि रत्नम्मा भाकरी थापायला शेजारच्या चतुराबाईच्या चुलीवर जाऊ लागली.

तिनं लातूरला लेकीला फोन लावला. "शिवकन्ये, तुझा बाप उदार झालाय गं."

"आं? कुनाला दिलं काय अप्पानं?"

"मलाच देऊन राहिलाय!"

पलीकडं टीव्ही बंद झाला. मग लेक म्हणाली, "अव्वा, दवाखान्यात ने त्याला."

एक तर यानं कुठं गुपचूप पैसा दाबलाय, नाहीतर याचा काळ जवळ आलाय, असं रत्नम्मानं ताडलं. जाणारी माणसं अशीच एकाएकी दिलदार होतात. पहिलंच खरं निघावं म्हणून तिनं उशा झटकल्या, देव्हाऱ्यामागं हात घातला, तुरीच्या कोठीत कोपरापर्यंत बुडाली. जुना चष्मा तेवढा सापडला. म्हणजे मग दुसरंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती भेंड्या चिरत बसली होती. गुंडप्पा शेजारी चहा पीत होता.

"दुधाचं बोलायचं हाय. दाण्याचं," ती म्हणाली आणि दस्ती टाकली. त्याची तीन बोटं दाबली. "आता तुमचा भाव सांगा की."

त्याचा हात तिची बोटं शोधत पुढं आला. रत्नम्माला काय अवदसा आठवली कोण जाणे. तिनं आपला हात मागं घेतला आणि सुपातल्या पाच कोवळ्या भेंड्या त्याच्या मुठीत सारल्या.

गुंडप्पानं डोळे मिटले. आठी घातली. मान कलती केली. त्यातल्या दोन भेंड्या नीट निवडून दाबल्या आणि करड्या आवाजात म्हणाला, "हाच शेवटचा भाव. पटत असंल तर बघ."

ती हसणारच होती, तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. त्याच्या कपाळावर घाम होता. पाढा विसरलेल्या पोरासारखा तो कान देऊन बसला होता. तिला एकदम सगळं दिसलं. ती पदराशिवाय धरू शकत नाही तो चहाचा पेला हा उघड्या हातात धरून बसतो. सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात घालतो. ती समजत होती, वेंधळेपणानं करतोय.

बोटंच गेली होती त्याची. जी शेटला गोवर सांगत होती, ती आता भेंडी ओळखत नव्हती.

मोंढ्यात दस्ती बंद झाली, भाव फळ्यावर आणि फोनवर आले, त्या दिवशी घरी येऊन तो एवढंच म्हणाला होता, "आता तिथं माझं काय काम?" आज आपण तोंड उघडलं तर हाच माणूस पैशाचा डबा पुढ्यात ठेवून म्हणेल, तूच बघ सगळं. मग इथंही तेच विचारत बसेल.

"पटलं," रत्नम्मा म्हणाली. भेंड्या अलगद काढून घेतल्या आणि चिरून टाकल्या.

दवाखान्यात ती आपले गुडघे दाखवायला म्हणून त्याला सोबत घेऊन गेली. आत आधी एकटी जाऊन डॉक्टरांशी बोलली. डॉक्टरांनी गुडघ्यांना हात लावल्यासारखं केलं आणि सुई गुंडप्पाच्या बोटात टोचली. त्यानं हूं की चूं केलं नाही. साखर निघाली. गोळ्या दिल्या. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, असंही डॉक्टर हळूच तिला म्हणाले.

"तुझ्या गुडघ्यापायी माझा गोड चहा गेला," तो वाटभर कुरकुरत राहिला.

रोज सदऱ्याच्या बाह्या दुमडून देताना रत्नम्मा आता नख लावून बघू लागली. पंजा मुका. मनगट मुकं. मनगटाच्या चार बोटं वर मात्र तो दचकला. "काय टोचून राहिलीस गं?" तिनं जागा लक्षात ठेवली.

चाकूरला लग्नाच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, तिनं दस्ती ओढली.

"आहेराचा सौदा मोडायचा हाय. पाच लई होतात."

"मोंढ्यात दिलेला शबूद मोडत न्हाईत," गुंडप्पा म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा उतरला होता.

"मोंढ्यात बायकू नसती की. पोत्याचं बोला."

दस्तीखाली तिचा हात त्याच्या बोटांवरून पुढं गेला, पंजावरून गेला, मनगट ओलांडलं आणि त्या जागी थांबला. एक, दोन, तीन. तिनं दाबलं.

गुंडप्पानं डोळे उघडले. दस्तीकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती बँडवाल्यांकडे बघत होती, जसं काही झालंच नाही. त्यानं पुन्हा डोळे मिटले, मान डावीकडे टाकली आणि गरजला, "तीन? घर इकायला काढलंस का? एक!"

"एकात भावाला तोंड कसं दाखवू?"

"नको दाखवू!"

रत्नम्मा रुसली. गुंडप्पानं तोंड फिरवलं. दोघांचे चहा गार झाले. अखेर दोनावर सौदा ठरला, तेव्हा तीन हजारांना मुकलेला सिद्धलिंग मांडवभर सांगत सुटला, "दाजी बरे झाले! दाजी बरे झाले!"

परतीच्या एसटीत गुंडप्पाला डुलकी लागली. त्याचा हात तिच्या मांडीवर पडला होता. रत्नम्मानं त्यावर दस्ती पांघरली आणि बोटांपासून वर मोजत बघितलं. मनगट गेलं तरी पुढं कोपर होतं, मग दंड, मग खांदा.

अजून बराच हात शिल्लक होता.